अर्धा इंच

पनवेल,
९ फेब्रुवारी २०१४

ती. जगनदादा यास,
नमस्कार, नाक न घासता.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं पाकीट देताना माझ्याकडं संशयानं बघितलं, कारण माझ्या गॅरेजात पाकीट येतं ते वीजबिलाचं नाहीतर कोर्टाचं. तीन वर्षांत गावाकडून आलेलं हे पहिलं अक्षर.

मला वाळीत टाकताना तुम्ही सात पंचांनी बोलचाल बंद केली, आगपाणी बंद केलं, लग्नामयताला जाणं-येणं बंद केलं, लग्नात धवले गाणारी धवलारीण बंद केली. पत्र बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. गावात पत्र लिहितंय कोण? भिंतीला एवढं एकच भोक राहिलं, आणि त्यातून पहिला वाकून बाहेर आला तो गावकीचा म्होरक्या. म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. पाहून बरं वाटलं.

नवी पिकअप घेतलीस, अभिनंदन. पुढं चार दरवाजे, मागं उघडा हौदा, रंग पांढरा. देवीची पालखी चैत्र पुनवेला खाडीकाठी बहिणीला भेटायला जाते, ती वाट कंटेनर यार्डाच्या भिंतीआड गेली, हे मला माहीत आहे. जासईच्या रस्त्यानं न्हावा शेव्याच्या ट्रेलरांमधून खांद्यावर पालखी न्यायची म्हणजे देवी पोचेल, भोई पोचायचे नाहीत. म्हणून यंदा देवी तुझ्या हौद्यात बसणार. इथवर पटलं.

पुढचं वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. गाडीचं नाक खाली आणि शेपूट वर आहे, देवी बसवली तर पुढं वाकल्यासारखी दिसेल, आणि विठू पंच म्हणाला, ‘आपली देवी कुनापुढं वाकत नाय.’ म्हणून तू लेव्हलिंग किट शोधतोयस. वाशीच्या दुकानदारानं तीन तऱ्हेची दाखवली आणि तुझं डोकं फिरलं. गाडीची पुढची बाजू उचलून मागच्या बरोबरीला आणायचं काम. मी पंचवीस वर्षं ट्रेलरचे पाटे आणि स्प्रिंगा बदलतोय. अख्ख्या पनवेल-उरणात हे कुणाला विचारावं, तर ज्याच्याशी बोलायचं नाही त्यालाच. देवीला विनोदाची आवड आहे, हे मी पूर्वीच लिहायला हवं होतं.

लिहिण्यावरून आठवलं. जनीच्या पोरीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं म्हणून तुम्ही जनीला देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलंत. मी ते इथल्या साप्ताहिकात लिहिलं. कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. सातही पंचांनी आपापलं वर्णन ओळखलं, यात माझा दोष काय?

त्या लेखापायी माझ्या थोरलीच्या, रियाच्या, लग्नात मंडपात धवलारीण नव्हती. आई म्हणायची, आगऱ्याच्या लग्नात भटजी चुकला तरी चालतं, धवलारणीनं धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाही. हॉलवाल्यानं तिथं सनईची सीडी लावली. हे मी विसरलेलो नाही. तूही विसरू नकोस.

आता मला काय हवंय ते ऐक. धाकट्या दर्शनाचं लग्न अकरा मेला आहे. गंगाबाई धवलारीण माझ्या मंडपात आली पाहिजे. लपूनछपून नाही, सगळ्यांच्या देखत. तुझा जबाब आला की किटचं बघू.

तुझा वाळीत भाऊ,
कमळाकर

---

पनवेल,
२३ फेब्रुवारी २०१४

दादा,

जबाब वाचला. गावकी मला परत घेईल, अट एकच, देवळाच्या पायरीवर नाक घासायचं. तू भाऊ म्हणून सवलतही मिळवून दिलीस: ‘एकदाच, पटकन, सकाळी कोनी नसताना.’ म्हणजे जनीला सगळ्या गावासमोर आणि मला सवलतीच्या दरात. आभारी आहे. माझं नाक आधीच बसकं आहे, घासण्याजोगं फार उरलेलं नाही, तेव्हा राहू दे.

मला राग आलेला नाही. किटचं सांगतो.

पहिली तऱ्हा: गुटका. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर धातूची जाड चकती बसवायची, की गाडीचं नाक उचलतं. स्वस्त, सोपं, दुपारभराचं काम. दुसरी तऱ्हा: पुढच्या स्प्रिंगा आणि शॉकअप दोन्ही काढून लांब नवे टाकायचे. चाल चांगली मिळते, पण माल बाहेरून मागवावा लागतो, जत्रेच्या आत येणार नाही. तिसरी तऱ्हा: नाक उचलायचं नाही, मागचा एक पाटा काढून शेपूटच खाली आणायचं. ही तुम्हा पंचांना पसंत पडायची नाही. तुमचा सगळा कारभारच दुसऱ्याला खाली आणण्याचा, पण स्वतःचं शेपूट कापून नव्हे.

तेव्हा गुटका घे. दुकानदारानं एक इंच, दोन इंच, तीन इंच उचलीचे दाखवले म्हणतोस. तुझ्या मापानं मागची बाजू अडीच इंच वर आहे. मोजताना गाडी रिकामी होती ना? छान. मग तीन इंचाचाच घे. डोळे झाकून घे. अर्धा इंच देवीच्या मानासाठी जास्त. नाक असं वर राहील की जासईपासून लोक बघतील.

आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण तू मोठा, तुला माहीत असेलच.

कमळाकर

---

पनवेल,
१६ मार्च २०१४

दादा,

गाडी आली. ड्रायव्हर काळूराम सज्जन माणूस आहे. तो घाटावरचा, म्हणून त्याला तुमची बंदी लागू नाही, ही तुझी युक्ती मानली. गावकीनं वाळीत टाकलेल्याकडं गावकीच्या म्होरक्याची गाडी दुरुस्तीला, आणि तरी सगळं नियमात.

किटचा खोका उघडून बघितला. तीन इंच, लालभडक, स्टिकरसकट. मी काळूरामला चहा पाजला आणि जत्रेचा बेत विचारला. त्यानं बोटानं हौद्यात जागा दाखवल्या. मधे देवी. दोन्ही बाजूंना तीन-तीन पंच. सगळ्यात मागं, फाळक्याला टेकून, तुझी लाल गादीची खुर्ची, म्हणजे मागून येणाऱ्या गावाला आधी तू दिसशील आणि मग देवी.

मग तो म्हणाला, ‘आन् म्हातारी देवीच्या पायापाशी. गानारी.’

मी विचारलं, कोण म्हातारी?

‘गंगाबाई. उभीच ऱ्हानार म्हनत्यात. बसून धवले गात न्हाय ती.’

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, चालत्या गाडीच्या हौद्यात उभी. काळूराम चहा पिऊन गेला आणि मी लाल खोका बंद करून कपाटावर टाकला.

तेव्हा तीन इंच रद्द. कारणं लिहितो, पंचांना वाचून दाखव. एवढं नाक उचललं की चाकाकडं जाणारे दांडे तिरके होतात, रबरं फाटतात. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागं वजन पडलं की स्टिअरिंग हलकं होतं, आणि चढावर हौद्यातली माणसं मागं घसरतात. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. तू आधी बरंच काही विचारलं नव्हतंस.

गुटका मीच लेथवर काढून घेईन, मापाचा. त्यासाठी मला सातही पंचांची वजनं पाहिजेत. अंदाजानं नकोत. नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेकाला उभं कर. देवीचा चौथरा आणि गंगाबाईचंही कळव. हे का, ते विचारू नकोस. सरळ उभं राहायचं असेल तर आपण किती जड आहोत हे एकदा कळलेलं बरं.

कमळाकर

---

पनवेल,
३० मार्च २०१४

दादा,

वजनांची यादी मिळाली. भंगारवाल्यानं प्रत्येक पंचामागं ‘लोखंड का पत्रा?’ असं विचारलं, हे काळूरामनं सांगितलं. विठूनं खिशातला मोबाईल काढून ठेवला आणि दुसऱ्यांदा मोजायला लावलं, हेही कळलं. सगळ्यात हलकी गंगाबाई, एकोणचाळीस किलो. सगळ्यात जड तू, सत्त्याण्णव. तुझ्या अंगी एवढं वजन आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू माझ्या पाठीवर बसून खाडी ओलांडायचास.

गाडी तयार आहे. गुटका पाव इंचाचा बसवलाय. दचकू नकोस. स्प्रिंगच्या डोक्यावर पाव इंच म्हणजे चाकापाशी अर्धा इंच उचल, हे या गाडीचं गणित आहे. रिकाम्या गाडीचं शेपूट अजून वरच दिसेल. आरडाओरडा करू नकोस, देवी आणि माणसं बसली की खाली येईल. मी वाळूच्या गोण्या वजनं करून, जागच्या जागी ठेवून बघितलंय. चाकांचं अलाइनमेंट केलंय, दिवे खाली घेतलेत. या कामात खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तरी तुझी खात्री पटावी म्हणून सोबत आपल्या आबांची गवंडीकामाची पाणसळ पाठवतोय. पितळी, तीच. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तू घर घेतलंस, अंगण घेतलंस आणि मला म्हणालास, ‘तुला काय पायजे ते उचल.’ मी ही उचलली होती. देवळापुढचं काँक्रीटचं अंगण आबांनी हिच्यावर केलं, ते अजून सूतभर हललेलं नाही. गावात म्हण होती, आबा एकवेळ चुकतील, त्यांची पाणसळ नाही.

देवीच्या चौथऱ्यावर, पायापाशी, गाडीच्या लांबीत ती स्क्रूनं बसव. सगळ्यांना दिसेल अशी. गाडी त्या अंगणातच उभी करून माणसं चढव. बुडबुडा मधल्या दोन रेघांत आला की देवी सरळ. त्याहून सोपं काही नाही. लहान पोरालाही कळेल, आणि पंचांनाही.

कमळाकर

---

पनवेल,
२० एप्रिल २०१४

दादा,

तुझं पत्र आलं. या खेपेला ‘चि. कमळाकर’ नाही, ‘हलकटा’ अशी सुरुवात आहे. एवढ्या जवळिकीनं तू मला गेल्या तीन वर्षांत हाक मारली नव्हतीस.

तू विचारतोस, मी काय केलं. सांगतो, पण आधी काय झालं ते मला जसं कळलं तसं लिहितो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन सकाळी सातला वाजायला लागला तो दुपारपर्यंत. तीन वर्षं मुकी राहिलेली माणसं एकदम बोलायला लागली. पण पहिल्यांदा सांगितलं काळूरामनं, आणि त्याच्याकडून मी ते दोनदा सांगून घेतलं.

अंगण माणसांनी भरलं होतं. आधी देवी चढली, मग गंगाबाई. बुडबुडा मागच्या टोकाला. मग एकेक पंच चढला, तसतसा तो रांगत पुढं आला. सहावा विठू चढला आणि बुडबुडा मधल्या दोन रेघांत येऊन थांबला. बायकांनी हात जोडले. आबांच्या पाणसळीला पाया पडणारी माणसं बघून आबांना घाम फुटला असता.

मग तू चढलास. फेटा, सोन्याची साखळी, लाल खुर्ची. तू टेकलास आणि बुडबुडा रेघ सोडून पुढं निघून गेला.

कुणी तरी म्हणालं, गाडी हलली असेल, दादांना परत चढू दे. तू उतरलास, बुडबुडा जागेवर आला. चढलास, परत गेला. तेव्हा जनी पुढं आली. तिनं आवाजही चढवला नाही म्हणतात.

‘आपल्यात फुलाचा कौल घेतात,’ ती म्हणाली. ‘फूल वाऱ्यानं पन पडतं. ही आबांची पाणसल हाय. देवी याला घेत नाय.’

तू ओरडलास, की हा कौल नाही, ही गाडी आहे. खरं होतं ते. पण गेली वीस वर्षं देवीच्या नावावर जे जे खपलं ते तूच खपवलंस. लोकांना सवय तूच लावलीस, दादा. विठूनं तीन वेळा कौल घ्यायला लावला. तीन वेळा तू चढलास, तीन वेळा देवी मागं कलली. मग विठूनंच तुला हात दिला. वर घ्यायला नव्हे, खाली उतरायला.

मिरवणूक निघाली. सहा पंच वर, गंगाबाई गात होती, आणि तू मागून चालत, देवीच्या मिरवणुकीत अनवाणी चालायचं म्हणून चपला काढून, पाच किलोमीटर, चैत्राच्या डांबरावरून. इथंच मी काळूरामला थांबवून म्हटलं, परत सांग.

आता मी काय केलं ते. ट्रक असो की पिकअप, कंपनी शेपूट मुद्दाम वर ठेवते, कारण मागं माल यायचा असतो. माल आला की पाटे दबतात आणि गाडी आपोआप सरळ होते. तू रिकामी गाडी मोजलीस. देवी, गंगाबाई आणि तुम्ही सातही जण बसला असतात तर कंपनीतून आलेली गाडी, कोणतंही किट न लावता, पाणसळीत उभी राहिली असती. मी गोण्या टाकून बघितलं. बुडबुडा मधोमध. किटची गरजच नव्हती.

पहिल्या पत्रापासून मला हे माहीत होतं. तीन इंच सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं: चढावर गाडीचं नाक आभाळाला आणि सात पंच एकावर एक फाळक्यात. मग कळलं की गंगाबाई त्या हौद्यात उभी राहणार आहे. तिच्यासाठी तीन इंच रद्द केले, तुझ्यासाठी नव्हे.

मग मी नवं गणित मांडलं. चौथरा धरला. गंगाबाई धरली. सहा पंच धरले. तुझं वजन शून्य धरलं. तुम्ही मला गावातून काढलंत, मी तुला बेरजेतून काढलं. फरक अर्ध्या इंचाचा आला, तेवढं नाक उचललं. तुझी खुर्ची मागच्या आसाच्याही मागं, म्हणून तुझा प्रत्येक किलो दीडपट बोलला. खुर्ची तिथं ठेवायला मी सांगितलं नव्हतं. ती तुझी हौस.

तू लिहितोस, गावाला सांगीन की हा देवीचा कौल नव्हे, कमळ्याचा गुटका आहे. जरूर सांग. पण मग गुटका कुणाला विचारून घातला, गाडी कुणाच्या गॅरेजात पाठवली, वाळीत टाकलेल्याच्या हातचं काम देवीखाली कुणी लावलं, हेही सांगावं लागेल. तुझी पाचही पत्रं माझ्या टूलबॉक्सात आहेत, तेलाचे डाग लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये. अक्षर वळणदार आहे. गावात पायरी आहे, आणि तुझं नाक माझ्यासारखं बसकं नाही.

आणखी एक, जे तीन वर्षं मी तुझ्यापासून लपवलं. रियाच्या लग्नात धवलारीण मंडपात नव्हती, असं मी लिहिलं, ते खरं आहे. पण मुहूर्ताला दहा मिनिटं असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. नुसता धवला सुरू झाला. बोलचाल बंद होती, गायला कुणी बंदी घातली नव्हती. चाळीस मिनिटं ती गायली. मी फोन माईकपुढं धरून उभा होतो, हात भरून आला तरी खाली केला नाही. शेवटचा धवला संपला आणि फोन कट झाला. तोवर एक शब्द ती बोलली नाही, की मी बोललो नाही. तुमची बंदी आम्ही दोघांनी पुरी पाळली. हे आता लिहितोय, कारण आता तिला हात लावायची तुझी छाती नाही. देवीनं तिला गाडीवर ठेवलं आणि तुला उतरवलं, हे सगळ्या गावानं पाहिलंय.

परवा विठू आला होता. आता म्होरक्या तो. माझी बंदी उठली, नाक न घासता. जनीला पंचांनी झाल्या गोष्टीबद्दल साडी दिली, तिनं ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली आणि वजन विचारलं, असंही तोच म्हणाला. विठूचं म्हणणं, दर्शनाचा मंडप गावात घाला. मी नाही म्हटलं. मंडप पनवेलला, गॅरेजच्या शेजारच्या मैदानात पडेल. गाव इथं येईल.

अकरा मेला गंगाबाईला आणायला तुझी पिकअप लागेल. काळूरामला सांगून ठेवलंय. गंगाबाई पुढं, ड्रायव्हरशेजारी बसेल, पंच मागं. गुटका काढलेला नाही, काढणारही नाही. पुढच्या चैत्रात पुन्हा वजनं घेऊ, मग ठरवू कोण बसतं ते.

येताना आबांची पाणसळ आण. मंडपाचे आडवे वासे बघायचेत.

तूही ये. मोठा काका आहेस, दर्शनाला हळद तुझ्या हातची लागली पाहिजे, असं तीच म्हणते. मी तिला अडवलेलं नाही. फक्त गाडीत तुझी जागा नाही. गावापासून मैदानापर्यंत चौदा किलोमीटर होतात. ऊन चढायच्या आत नीघ.

तुझा भाऊ,
कमळाकर